ओला कापूस

टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या. खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली होती आणि उशिरा आलेले जिन्यात उभे राहून पुढच्याच्या खांद्यावरून बघत होते. सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे होती. भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि टीव्हीवर माझ्या वडिलांचं रक्त दिसत होतं.

"फोटो काढायचा नाही," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले. "पेशी लाजते."

लोक हसले. गृहस्थही हसले. त्यांना सगळे पेशीसर म्हणत. पांढरा कोट, खिशाला पेनांची रांग, आवाज असा की समोरच्याला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय. टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्याला कॅमेरा, कॅमेऱ्यातून वायर टीव्हीला. इथपर्यंत सगळं खरं होतं. सूक्ष्मदर्शक तर आमच्या प्रयोगशाळेतल्यापेक्षा चांगला होता.

"हे काकांचं रक्त. आत्ता, तुमच्यासमोर बोटातून काढलेलं. ह्या तांबड्या बशा दिसतायत? त्या पेशी. निरोगी माणसात प्रत्येक बशी सुटी असते. आणि इथं? चवड लागलीय. बशीला बशी चिकटलीय. का चिकटली असेल?"

"भीतीनं," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. ती कपडे शिवायची, आमच्याच गल्लीत राहायची. हे उत्तर तिनं मागच्या खेपेला ऐकलेलं असणार.

"भीतीनं. बरोबर. पेशी घाबरली की शेजारणीला धरते. तुम्ही घाबरलात तर काय करता, मामा? बायकोला धरता ना?"

"मी बायकोलाच घाबरतो," मामा म्हणाले. हे मामा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

हशा ओसरू दिल्यावर पेशीसरांनी बाबांच्या मांडीवर पितळेची चकती ठेवली. तिचं नाव स्पंदनचकती. पेशीसरांच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यात जैव (इथं ते थांबले) भौतिकी होती. प्रत्येक पेशीचा एक सूर असतो, आजारात तो उतरतो, चकती तो पुन्हा लावते. सतार लावतात तसा. बाबांनी डोळे मिटले. पेशीसरांनी पण मिटले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

मग दुसरं बोट, दुसरी टोचणी, दुसरा थेंब. टीव्हीवर चित्र आलं आणि हॉलभर एक उसासा फिरला. बशा सुट्या झाल्या होत्या. एकेक वेगळी, हलकेच तरंगणारी, कडेनं उजळलेली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या आईनं माझं मनगट धरलं.

"दिसलं?" ती हळूच म्हणाली. "म्हणूनच तुला बोलावलं. हे खरं आहे का गं?"

बाबांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बंद घड्याळ टिकटिकायला लागलं की ते हसत नसत, नुसता खालचा ओठ पुढे काढत. आत्ता तो तसा पुढे आला होता. मला हसू येत नव्हतं, कारण पहिलं चित्र खोटं नव्हतं. बाबांच्या रक्तात चवडी होत्याच. त्या का होत्या, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. एक मी. दुसरे पेशीसर, पण ते मला नंतर कळलं.

*

आजार घरात आला तो एका शब्दाच्या आडून.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं, "रक्तात प्रोटीन फार वाढलंय." बाहेर रांग होती, त्यामुळे पुढचं त्यांनी भराभर सांगितलं आणि पुढचं काही आई-बाबांच्या डोक्यात शिरलं नाही. आईनं मला फोन केला तो जवळजवळ आनंदानं.

"प्रोटीन वाढलंय म्हणे. हल्ली सगळ्यांचं कमी असतं बघ. शेजारच्या काकू म्हणाल्या, ह्या वयात नशीबच लागतं."

आमच्या घरात प्रोटीन हा शब्द पावडरच्या डब्यावरचा. अशक्त पोरांना, बाळंतिणींना, व्यायाम करणाऱ्यांना ते देतात. ते वाढलं म्हणजे माणूस भक्कम झाला. मी फोनवरच सांगितलं की हाडांच्या मगजात काही पेशी बिघडतात आणि एकाच प्रकारचं, कसल्याच कामाचं नसलेलं प्रोटीन ढिगानं बनवत सुटतात. त्यानं रक्त चिकट होतं, हाडं पोकळ होतात, त्या प्रोटीनचे तुकडे किडनीच्या चाळणीत अडकतात. हा एक प्रकारचा कॅन्सर आहे. बरा होत नाही, पण औषधांनी बराच काळ दाबून ठेवता येतो.

आई म्हणाली, "मग त्याला दुसरं नाव का ठेवलं नाही?"

एकाच शब्दात औषध आणि आजार दोन्ही कोंबलेत, हे मला तोवर कधी खटकलं नव्हतं. आणि माझं काम तर तेच. मी जीवभौतिकीच्या प्रयोगशाळेत तांबड्या पेशींवर संशोधन करते. रक्तातली प्रोटीनं दोन पेशींना एकमेकींना कशी चिकटवतात आणि त्या सोडवायला किती जोर लागतो, हे मोजायचं. लेझरचा किरण बारीक करून त्यानं पेशी पकडता येते, ओढता येते. नोकरी लागल्यावर बाबांनी विचारलं होतं, तू नेमकं काय करतेस. मी म्हटलं, उजेडाचा चिमटा असतो, त्यानं पेशी उचलते. बाबा घड्याळजी. सगळा जन्म डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. त्यांना इतकं पुरलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "आमची चिमटी माझाच धंदा करते. फक्त तिचं घड्याळ ओलं असतं." मी लहानपणी अंगानं एवढीशी होते, म्हणून चिमटी.

बाबांची इंजेक्शनं सुरू झाली. रिपोर्टमधला आकडा उतरायला लागला. पण त्या औषधानं बोटं बधिर होतात, सगळ्यांची नाही, काहींची. बाबांची झाली. चिमटा हातात असतानाच निसटायचा आणि तो पडल्याचं त्यांना आवाजावरून कळायचं. केसाएवढी स्प्रिंग जन्मभर सहज उचलणारा माणूस शर्टाची बटणं लावायला आईला हाक मारू लागला. डॉक्टर म्हणाले, मात्रा कमी करू, बघू. बाबा पुढच्या वेळी गेलेच नाहीत.

मग कंडक्टरमामांनी त्यांना टायरच्या दुकानावर नेलं.

*

त्या दिवशी हॉलमधून घरी आल्यावर मी विषय काढला. बाबा खिडकीशी त्यांच्या टेबलावर बसले होते. दुकान बंद केल्यापासून ते टेबल घरात होतं.

"पेशीसरांबद्दल बोलायचं असेल तर आधी हे बघ." त्यांनी चिमट्यानं एक स्प्रिंग उचलून उजेडात धरली. ती जराही थरथरली नाही. "दिसतंय? तुझ्या डॉक्टरला नेऊन दाखव."

"बाबा, इंजेक्शन थांबलं म्हणून बोटं परत आली. चकतीनं नाही."

"असेल. पण आली ना? आणि मी ऐकीव बोलत नाही. जन्मात कुठल्या बुवाकडे गेलो नाही, तुला ठाऊक आहे. हा माणूस काही मानायलाच सांगत नाही. भिंगातून दाखवतो. आधी अशी, नंतर अशी. माझं स्वतःचं रक्त."

"अहो, पण ती म्हणतेय तर ऐकून तरी घ्या," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"ती काय म्हणतेय? आकडे म्हणतेय. आकडा मला दिसत नाही. हे दिसतं."

मला राग आला नाही. बाबांना एखाद्या बुवानं विभूती दिली असती तर त्यांनी ती खिडकीतून फेकली असती. त्यांना फसवायला भिंगच लागणार होतं. ज्या माणसानं आयुष्यभर डोळ्यावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास कधी वाया गेला नाही, त्याला डोळ्यानंच गाठलं होतं.

रजा वाढवून मी पुन्हा हॉलवर गेले, ह्या वेळी रोगी म्हणून. पहिल्या दिवशीचं दुसरं चित्र माझ्या मनात टोचत होतं. पेशी सुट्या झाल्या हे सगळ्यांनी पाहिलं. पण त्या कमीही झाल्या होत्या. पहिल्या थेंबात दाटी होती, दुसऱ्यात विरळ. भीती गेली म्हणून पेशी एकमेकींचा हात सोडतील एकवेळ, पण निम्म्या पेशी हॉल सोडून जाणार कुठे? त्या थेंबात कशाचंतरी पाणी पडलं होतं.

"ताई काय करतात?" पेशीसरांनी विचारलं.

"शिकवते," मी म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

पहिलं बोट त्यांनी स्पिरिटनं पुसलं, फुंकर मारून वाळू दिलं, टोचलं. थेंब भरपूर मोठा घेतला. मग त्यावर बोलत राहिले. पेशीच्या आठवणी असतात, पेशी ऐकते, पेशी रुसते. रक्ताचा जाड थेंब नुसता ठेवून दिला तर कुणाच्याही रक्तात थोड्या चवडी लागतात. माझ्याही लागल्या. सर हळहळले. शिक्षकांच्या पेशी फार थकलेल्या असतात म्हणाले.

चकती झाली. आता दुसरं बोट. ह्या वेळी कापूस वेगळ्या वाडग्यातून आला, पाणी निथळणारा. "ऊर्जाजल," सर म्हणाले. बोट पुसल्यासारखं केलं आणि ओलं असतानाच टोचलं. थेंब त्या ओलाव्यातच फुगला. टीव्हीवर माझ्या पेशी शहाण्यासारख्या सुट्या झाल्या होत्या.

बोटाला धरायला तोच कापूस दिला होता. जिन्यात वळणावर मी त्याची स्वच्छ बाजू जिभेला लावली. खारट.

साधं पाणी असतं तर पेशी फुगून फुटल्या असत्या. पडद्यावर काहीच उरलं नसतं. त्या पेशी नीट राहिल्या होत्या, म्हणजे मीठ अगदी बेतानं घातलेलं होतं. हे अडाण्याचं काम नव्हतं. त्या माणसाला प्रोटीन म्हणजे काय, चवड का लागते, ती कशी मोडते, सगळं येत होतं. मला इतके दिवस आशा होती की तो निदान स्वतः फसलेला असेल.

*

रविवारी मी आई-बाबांना माझ्या प्रयोगशाळेत नेलं. बाबा येणार नाहीत असं वाटलं होतं, पण "चल, तुझं भिंग तरी बघू" म्हणून निघाले. आत आल्यावर त्यांनी आधी टेबल बघितलं, त्याचे पाय हवेच्या उशांवर का ठेवलेत ते विचारलं, आणि कारण ऐकून मान डोलावली. रस्त्यावरून ट्रक गेला की त्यांचंही टेबल हलत असे.

मी त्यांच्या बोटातून थेंब घेतला. कोरडं बोट, कोरडी काच. वर पातळ काचेचं झाकण. बाबांनी एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. चवडी होत्या, लांबच लांब, हॉलमधल्यापेक्षाही मोठ्या.

"आता बघत राहा. डोळा काढू नका."

झाकणाच्या कडेला मी मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. तो काचेखाली ओढला गेला. मला न बघताही माहीत होतं तिथं काय चाललंय. आधी चवडीचं टोक हलतं, मग एक बशी निसटते, मग पत्त्यांचा कॅट पसरावा तशा सगळ्या.

बाबा बराच वेळ वाकून होते.

"चकती नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"डोळे मिटले नाहीत कुणी."

"नाही."

"मीठ?"

"मीठ आणि पाणी. प्रोटीन पातळ झालं की पेशी सुटतात. काचेवर. अंगातलं प्रोटीन आहे तिथंच आहे, रोज नवं बनतंय."

त्यांनी डोळा काढला, चोळला. मी वाट बघत होते ती मान खाली घालण्याची किंवा चिडण्याची. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "मग हेच पाणी शिरेतून दिलं तर? सलाईन देतातच की."

प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. मी सांगितलं, किती बाटल्या लागतील, किडनी ते किती वेळ धरून ठेवेल, आणि तोवर मगजातल्या पेशी किती नवं प्रोटीन ओततील. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक आशा उतरत गेली.

"म्हणजे गिऱ्हाइकासमोर बोटानं काटे फिरवून वेळ बरोबर दाखवली," ते म्हणाले. "आतलं घड्याळ बंदच."

"हो."

"इंजेक्शन घेतलं तर बोटं जाणार."

"बहुतेक."

"जाऊ देत," आई म्हणाली. "बटणं मी लावते की."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "सोमवारी दवाखाना," ते म्हणाले. "पण आधी हॉलवर जायचं. तिथली निम्मी माणसं माझ्यामुळे आलेली आहेत. मी गल्लीभर सांगत सुटलो होतो, भिंगातून पाहिलं म्हणून. घड्याळजीनं पाहिलं म्हटल्यावर लोकांनी डोळे झाकून खरं धरलं."

*

सोमवारी सकाळी हॉलवर बाबा खुर्चीत बसले. पहिला थेंब झाला, चकती झाली. वाडग्यातला कापूस पुढे आल्यावर त्यांनी हात मागे घेतला.

"आज कोरडा कापूस घ्या, सर."

"काका, कापसाचा काय संबंध?"

"संबंध नसेल तर घ्या की."

"घ्या की हो," मागून कंडक्टरमामा म्हणाले. "सुट्टे नाहीत का?"

हशा झाला, त्यामुळे सरांना नाही म्हणता येईना. कोरड्या बोटातून थेंब आला. पडद्यावर चवडी तशाच. हॉलमध्ये कुजबुज झाली.

"काकांच्या मनात आज संशय आहे," सर शांतपणे म्हणाले. "संशयानं पेशी मिटते."

"माझ्या मनात नाही," मामा उठले. "मी तुमचा पक्का माणूस. माझं बघा. कोरड्यानं."

मामांचं रक्त निरोगी, पण थेंब जाड होता आणि सर घाम पुसत वेळ काढत होते. चवडी लागल्या आणि चकतीनंतरही राहिल्या. मग मी पुढे गेले. मी कोण, काय करते ते सांगितलं. चकती खिडकीत ठेवली. मामांचं बोट वाडग्यातल्या कापसानं ओलं करून सरांनाच टोचायला सांगितलं. त्यांनी टोचलं. पेशी सुट्या.

मी लोकांना सगळं समजावलं, जसं बाबांना समजावलं होतं तसंच. पाणी, मीठ, प्रोटीन. भीतीचा संबंध नाही, सुराचा संबंध नाही, आजार कणभरही कमी होत नाही. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी ते सोडू नका. मी हळू बोलले, सोपं बोलले. शेवटच्या खुर्चीपर्यंत शांतता होती. मला वाटलं, पोचलं.

पुढच्या रांगेतली शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "म्हणजे गुण पाण्यात आहे."

"नाही, तसं नाही..."

"चकतीशिवाय झालं ना? आत्ता आम्ही बघितलं ना? मग पाण्यातच आहे."

पेशीसरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उपहासही नव्हता, नुसती कामाची घाई होती. "ताई, अगदी बरोबर," ते तिला म्हणाले. "चकती हे निमित्त. मी कधीपासून सांगतोय, जल हेच मूळ. आज एका मोठ्या संशोधक बाईंनी तुमच्यासमोर सिद्ध करून दाखवलं. ह्यांच्यासाठी टाळ्या."

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्या हाताला हात लावून कपाळाला नेला. बाबा खुर्चीत बसून हे बघत होते. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, "तुझी चूक नाही, चिमटे. तू काटा काढून दाखवलास, त्यांनी काट्यालाच घड्याळ धरलं."

आम्ही तिथून तसेच दवाखान्यात गेलो.

*

बाबांनी इंजेक्शनं सोडल्याला पाच-सहा आठवडे झाले होते. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि ह्या वेळी बाहेरची रांग असूनही सावकाश बोलले. प्रोटीन पुन्हा चढलं होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे, चढताना त्यानं किडनीची चाळणी बुजवून टाकली होती. इंजेक्शनं सुरू केली. डायलिसिस सुरू केलं. बोटं पुन्हा बधिर झाली. बाबांनी तक्रार केली नाही. पलंगावर बसून ते अंगठ्यानं एकेक बोट चाचपत असत.

औषधानं आपलं काम केलं. शेवटच्या रिपोर्टमध्ये आकडा झपाट्यानं उतरला होता. पण किडन्या परत आल्या नाहीत, आणि मग छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन आईला सांगितलं, "प्रोटीन खाली आलं होतं हो. किडन्यांनी साथ दिली नाही." आईनं ते घरी सगळ्यांना तसंच सांगितलं. शेजारच्या काकूंनी डोळे पुसले. "प्रोटीन कमी झालं म्हटल्यावर माणूस कसा राहील?" त्या म्हणाल्या. आईनं मान हलवली. ती थकली होती. मीही थकले होते.

हॉलवर आता बाटल्या मिळतात. लेबलवर 'संशोधनाने सिद्ध' असं छापलंय. माझं नाव नाही, तेवढं भान त्यांनी ठेवलं. मी तक्रार केली आहे, ठिकठिकाणी. दाखल करून घेणाऱ्या एका साहेबानं मला विचारलं, मिठाच्या पाण्यात अपायकारक काय आहे ते लिहून द्या. अपायकारक काही नाही, हे मला लिहून द्यावं लागलं.

परवा शिवणकाम करणारी बाई भेटायला आली. आईजवळ बसली, रीतसर बोलली, मग मला बाजूला घेतलं. तिच्या नवऱ्याच्या पोटात गाठ आहे. ऑपरेशनची तारीख मिळालीय, ती पुढे ढकलून आधी महिनाभर बाटल्या द्याव्यात असं तिच्या मनात होतं. मी सगळं पुन्हा सांगितलं. तिनं पुरतं ऐकून घेतलं. बाई मूर्ख नाही. एकदा बघून कुणाच्याही मापाचा कपडा बेतते.

"तुमचं पटतं हो ताई," ती म्हणाली. "पण महिनाभर देऊन बघितलं तर त्यात काय जातंय?"

त्यात काय जातं ते मी तिला सांगितलं. तेच इथं लिहिते, कारण ती ऐकेल असं मला वाटत नाही आणि दुसरं कुणी वाचेल अशी थोडीशी आशा आहे.

डोळ्यांनी दिसलं म्हणून थांबू नका. जे दिसलं ते का दिसलं, हे विचारा. दाखवणाऱ्याला एक गोष्ट बदलून तेच पुन्हा करायला सांगा. तो तयार नसेल तर उठा. तयार झाला आणि जमलं नाही तरी उठा. तुमच्या आधी किती जणांनी पाहिलं हे मोजू नका, त्यात शहाणी माणसं होती म्हणून विश्वास ठेवू नका. माझे वडील शहाणे होते. आणि हे सगळं लवकर करा. आजार तुमचं पाहून होईपर्यंत बाहेर बसून राहत नाही.

बाबांना शेवटी कळलं होतं. पूर्ण कळलं होतं, कुणाहीपेक्षा चांगलं. फक्त ते कळायला पाच-सहा आठवडे लागले. त्यात ते गेले.